गिरणेचें पाणी आणि दिल्लीचें द्रव्य

भडगांवच्या माणसाला गिरणा कशी आहे असें विचारलें तर तो ऋतु पाहून उत्तर देईल. श्रावण-भाद्रपदांत ती दोन्ही थड्या भरून वाहते, इ. स. १८७२ सालीं तर तिच्या महापुरानें ह्या गांवाची मोठी हानि केली होती. फाल्गुन-चैत्रांत तीच नदी वाळूचा पट्टा होऊन पडते, आणि मग सर्वांचे डोळे धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनाकडे लागतात. हें आवर्तन कोठून येतें, तें अडविण्याचीं कामें कोणी योजिलीं, त्यांस लागणारें द्रव्य कोणत्या तिजोरींतून आलें, आणि इतकें सर्व होऊनहि कालव्याच्या शेपटाकडील शेत पुष्कळदां कोरडें कां राहतें, ह्या प्रश्नांचा थोडा उलगडा आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें करावा, ह्या हेतूनें आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रादेशिक विकासयोजना म्हणजे एखाद्या खोऱ्याच्या, जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गरजेंतून निघालेली योजना. ती त्या जागेच्या मातीला, पावसाला व पिकाला धरून असते. राष्ट्रीय साहाय्य-कार्यक्रम म्हणजे मध्यवर्ती सरकारनें साऱ्या देशाकरितां आंखलेला कार्यक्रम. त्याला नियम असतात, मुदत असते, खर्चाची वांटणी टक्क्यांनीं ठरलेली असते, आणि केरळापासून काश्मीरपर्यंत माप बहुधा एकच असतें. पहिल्यापाशीं गरजेचें ज्ञान आहे, पण पैसा नाहीं. दुसऱ्यापाशीं पैसा आहे, पण प्रत्येक गांवचा ओढा त्याला ठाऊक असणें शक्य नाहीं. म्हणून दोहोंचा मेळ घालावा लागतो. तिफणीला जुंपलेल्या दोन बैलांची चाल सारखी नसेल तर पेरणीची ओळ वांकडी जाते. ह्या कामाचेंहि तसेंच आहे.

आतां आपल्या नदीकडे वळूं. गिरणा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागांत सह्याद्रींत उगम पावते. कळवण, बागलाण व मालेगांव ह्या भागांतून वाहतांना ती मोसम नदीला पोटांत घेते, आणि पुढें चाळीसगांव, भडगांव, पाचोरा असे तालुके ओलांडून जळगांव जिल्ह्यांत तापीला मिळते. नदीच्या माथ्यावर इ. स. १९११ मध्यें चणकापूरचें धरण झालें. चाळीसगांव तालुक्यांतील जामद्याचा बंधारा व त्याचे डावे-उजवे कालवे त्याहूनहि जुने, एकोणिसाव्या शतकांतले आहेत. स्वातंत्र्यानंतर नांदगांव तालुक्यांत पांझण येथें गिरणा धरणाचें काम निघालें व तें १९६९ सालीं पुरें झालें. त्याचा उपयुक्त सांठा सुमारें ५२३ दशलक्ष घनमीटर, म्हणजे साडेअठरा अब्ज घनफुटांच्या जवळपास आहे. धरणापासून पांझण डावा कालवा निघतो. शिवाय नदीच्या पात्रांत सोडलेलें पाणी जामद्यास अडवून तेथील कालव्यांत घेतलें जातें. भडगांव-पाचोऱ्याकडील केळी, लिंबू, ऊंस व गहूं ह्यांचा पुष्कळसा भरंवसा ह्याच पाण्यावर आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. धरण एका जिल्ह्यांत आणि बरेंचसें भिजणारें क्षेत्र दुसऱ्या जिल्ह्यांत, अशी ही रचना आहे. धरणाच्या वरच्या अंगालाहि हरणबारी, केळझर, पुनंद अशीं दुसरीं धरणें झालीं. वर पाणी अडविणें हा तेथील शेतकऱ्याचा हक्क आहे. खालीं पाण्याची वाट पाहणें हें येथील शेतकऱ्याचें प्राक्तन आहे. नदी एकच असून तिच्या कांठच्या योजना निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या हातांनीं झाल्या. त्या सर्वांचा हिशेब एका वहींत मांडला जावा म्हणून तापी खोऱ्याकरितां १९९७ सालच्या कायद्यानें तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन करण्यांत आलें व त्याचें मुख्य ठाणें जळगांवास ठेवण्यांत आलें.

पैशाची गोष्ट काढण्यापूर्वीं खानदेशाच्या व बागलाणच्या एका जुन्या पद्धतीचें वर्णन करणें अवश्य आहे. पांझरा, मोसम, आराम व गिरणा ह्या नद्यांवर शेंकडों वर्षांपासून फडपद्धति चालत आली. नदींत दगडी बंधारा घालावा, त्यांतून पाट काढावा, आणि पाटाखालची जमीन तीन-चार मोठ्या फडांत वांटावी, अशी तिची रीत. एका फडांत एका वर्षीं एकच पीक. ऊंस, गहूं, हरभरा अशीं पिकें पाळीनें ह्या फडांतून त्या फडांत जात. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडांत असे. त्यामुळें पाऊस कमी झाल्यास एखादा फड कोरडा ठेवावा लागला तरी तोटा एकट्या-दुकट्याच्या माथीं बसत नसे. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी, हवालदार देखरेख करी, आणि पंचमंडळी तंटे मोडीत. बंधारा फुटला किंवा पाट गाळानें भरला तर सर्वजण श्रमाची वांटणी करून तो दुरुस्त करीत. पाणी कोणाला, केव्हां व किती, हें पाणी येण्याच्या आधींच ठरलेलें असे. आमच्या मतें ह्या विषयांतील सर्वांत मोठा धडा ह्याच ठिकाणीं आहे. पुढच्या काळांत धरणें मोठीं झालीं, पैसा वाढला. परंतु वांटणीचा करार मात्र पुष्कळ ठिकाणीं काम झाल्यानंतर सुचूं लागला.

आतां मध्यवर्ती साहाय्याचा ओघ कसा आला तें पाहूं. साऱ्या देशांत धरणें सुरू करण्याची घाई फार झाली, आणि तीं पुरीं करण्यास राज्यांपाशीं पैसा उरला नाहीं. अशीं अर्धवट कामें पुरीं व्हावींत म्हणून १९९६-९७ सालीं त्वरित सिंचन लाभ कार्यक्रम निघाला. २०१५ सालीं प्रधानमंत्री कृषि सिंचन योजना आली, आणि पुढच्याच वर्षीं देशांतील ९९ अपुरे प्रकल्प निवडून ते आधीं संपवावयाचे असें ठरलें. त्यांतले २६ महाराष्ट्राचे होते. जळगांव जिल्ह्यांतील वाघूर व धुळें जिल्ह्यांतील अक्कलपाड्याचा निम्न पांझरा हे दोन त्यांत होते. २०१८ सालीं बळीराजा जलसंजीवनी योजनेखालीं विदर्भ, मराठवाडा व राज्याचा इतर अवर्षणाचा मुलूख मिळून ९१ प्रकल्पांना उरलेल्या खर्चाच्या सुमारें २५ टक्के साहाय्य देण्याचें मध्यवर्ती सरकारनें मान्य केलें. तापीवरील शेळगांवचें बॅरेज, धुळें जिल्ह्यांतील सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजना, आणि आपल्या अगदीं शेजारचें, गिरणेवरील वरखेडे-लोंढे बॅरेज हीं कामें ह्या यादींत आलीं.

ह्या यादींत नांव कां येतें व कां येत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. मागणी मोठ्यानें केली म्हणून नांव येत नाहीं. प्रकल्पाचा सविस्तर आराखडा तयार असावा लागतो. पाणी उपलब्ध असल्याचा दाखला असावा लागतो. जंगल, पर्यावरण व खर्च ह्यांच्या मंजुऱ्या हातीं असाव्या लागतात. आणि राज्यानें आपला वांटा अंदाजपत्रकांत घातलेला असावा लागतो. ज्याचीं कागदपत्रें पुरीं, त्याला पैसा आधीं. ज्याच्या गांवांत जमिनीचा मोबदला राहिला, पुनर्वसन राहिलें, किंवा रेल्वेमार्गाखालून पाट नेण्याची परवानगी राहिली, त्याची मुदत टळते. मुदत टळली म्हणजे खर्च वाढतो, आणि वाढलेल्या खर्चाला पुन्हां नवी मंजुरी लागते. हें चक्र एकदां सुरू झालें कीं पांच वर्षांचें काम वीस वर्षें चालतें.

दुसरी अडचण अशी कीं, पैसा ज्या कामाला येतो त्याच कामाचें माप घेतलें जातें. धरणाची भिंत उभी राहिली म्हणजे कागदावर पाणी अडलें. परंतु भिंतीपासून शेतापर्यंत मुख्य कालवा, शाखा, वितरिका व शेवटीं शेतचारी अशी उतरंड आहे. शेवटची चारी झाली नाहीं तर वरचें सर्व व्यर्थ. म्हणूनच मध्यवर्ती सरकारनें १९७४-७५ पासून लाभक्षेत्रविकासाचा निराळा कार्यक्रम हातीं घेतला. एकाच पाण्याचें डोकें एका कार्यक्रमांत आणि पाय दुसऱ्या कार्यक्रमांत, असा हा प्रकार झाला. ज्या ठिकाणीं दोन्ही कामें बरोबरीनें चाललीं तेथें शेत भिजलें. जेथें एक पुढें व दुसरें मागें राहिलें तेथें धरणांत पाणी असूनहि शेतकरी विहिरीच्या तळाकडे पाहत बसला.

मेळ कसा घालावा ह्याचें एक चांगलें उदाहरण मात्र महाराष्ट्रानेंच घालून दिलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत राज्यानें रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर चालविली. तिच्यामागें वि. स. पागे यांचा विचार होता. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मागेल त्याला काम, आणि त्या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, अशी ती योजना. पुढें २००५ सालीं सर्व देशाकरितां रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजीं तो प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला, आणि त्यांत धुळें व नंदुरबार हे जिल्हे होते. राष्ट्रीय कायद्यांत एका कुटुंबाला वर्षांत १०० दिवसांची हमी होती. राज्याच्या कायद्यांत अशी मर्यादा नव्हती. आपला कायदा मोडीत काढावा कीं राष्ट्राचें साहाय्य सोडावें, असा पेंच पडला असतां महाराष्ट्रानें दोन्ही राखलें. आपल्या कायद्यांत दुरुस्ती केली. १०० दिवसांपर्यंतचा भार मुख्यतः मध्यवर्ती सरकारकडे आणि त्यापुढील दिवसांचा भार राज्याकडे, अशी वांटणी केली. ह्याला आम्ही खरा मेळ म्हणतों. स्थानिक योजना आधींपासून पायावर उभी होती, म्हणून आलेलें साहाय्य तिच्यावर बसलें.

त्यांतहि एक खोंच होती, ती सांगितली पाहिजे. राष्ट्रीय नियमाप्रमाणें खर्चाचा निदान ६० टक्के भाग मजुरीवर व्हावयाचा. मजुराच्या दृष्टीनें हें योग्यच होतें. परंतु ज्या ओढ्याला सिमेंटचा पक्का बंधारा पाहिजे, तेथें सामानाचा खर्च अधिक. म्हणून तेथें मातीचें काम करण्याकडे कल जाई. शहाण्या ग्रामपंचायतीनें काय करावें? मातीचीं व दगडाचीं कामें एका आराखड्यांत अशीं गुंफावींत कीं एकंदर प्रमाण नियमांत बसेल, आणि पक्क्या बंधाऱ्याला दुसऱ्या निधीची जोड द्यावी. नियम मोडण्यापेक्षां नियम आधीं वाचणें अधिक फायद्याचें असतें.

प्रादेशिक आणि राष्ट्रीय हेतु एकमेकांस छेदतात तेव्हां काय होतें, हेंहि आपल्याच नदीच्या उगमाशीं दिसतें. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर नार व पार ह्या नद्या आहेत; त्यांचें पाणी गुजरातेंतून समुद्राला जातें. १९८० सालच्या राष्ट्रीय जलयोजनेंत हें पाणी पार-तापी-नर्मदा अशा जोडानें उत्तरेकडे नेण्याचा विचार होता. त्याकरितां मे २०१० मध्यें मध्यवर्ती सरकार, गुजरात व महाराष्ट्र ह्यांचा करार झाला. खानदेशाची मागणी मात्र अशी कीं, महाराष्ट्राच्या हद्दींत पडणारें पाणी डोंगराच्या पूर्वेस आणून गिरणेंत सोडावें. इकडे ज्यांचीं रानें बुडावयाचीं त्या डोंगरी भागांतील आदिवासींचा म्हणणें ऐकून घेण्याचा आग्रह होता, आणि त्यांच्या विरोधामुळें मे २०२२ मध्यें गुजरात सरकारनें पार-तापी-नर्मदा जोड सोडून देत असल्याचें जाहीर केलें. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें नार-पार-गिरणा योजनेस ७,०१५ कोटि रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. तिनें नाशिक व जळगांव जिल्ह्यांतील ४९,५१६ हेक्टर भिजेल असा अंदाज सांगण्यांत आला. पाणी डोंगर चढवून आणावयाचें म्हणजे विजेचा खर्च कायमचा मागें लागतो, आणि उगमाकडील आदिवासींचा प्रश्न ह्याहि योजनेंत सुटतोच असें नाहीं. भडगांवच्या शेतकऱ्याला पाणी हवें आहे हें खरें. परंतु तें कोणाच्या भाकरीच्या मोबदल्यांत येतें, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी पाणी घेणाऱ्यावरहि आहे.

हा पेंच केवळ आपल्याच वांट्याला आला आहे असें नाहीं. कपाशीच्याच दुसऱ्या एका मुलुखाकडे, मध्य आशियाकडे पाहूं. तेथें सीर दर्या नांवाची मोठी नदी किरगिझ डोंगरांत उगम पावून उझबेक, ताजिक व कझाक प्रदेशांतून वाहत अरल समुद्राकडे जाते. सोव्हिएट राज्यांत हे सर्व प्रांत एका छत्राखालीं होते. डोंगरांतील तोक्तोगुल धरणाचें पाणी उन्हाळ्यांत खालच्या कपाशीला मिळे, आणि त्याच्या बदल्यांत हिंवाळ्यांत खालून कोळसा व वायु वर जाई. १९९१ सालीं हीं राज्यें स्वतंत्र झालीं आणि हा देवघेवीचा धागा तुटला. डोंगरांतील लोकांना थंडींत वीज हवी, म्हणून ते हिंवाळ्यांत पाणी सोडूं लागले. खालीं अवेळीं पूर आणि उन्हाळ्यांत कोरड. १९९८ सालीं पाणी व इंधन ह्यांच्या देवघेवीचा करार झाला, पण तो दीर्घकाळ टिकला नाहीं. बाहेरून कर्ज व साहाय्य पुष्कळ आलें. परंतु प्रत्येक राष्ट्राची स्वतःची योजना निराळ्या दिशेनें तोंड करून उभी असतां त्या साहाय्याचा उपयोग मर्यादितच झाला. जानेवारी २०२३ मध्यें मात्र किरगिझस्तान, कझाकस्तान व उझबेकिस्तान ह्या तिघांनीं कंबराता येथील नव्या धरणाचें काम मिळून करण्याचा आराखडा मान्य केला. वरच्या आणि खालच्या राष्ट्रांनीं एकाच कामांत भागी घेणें, हें त्यांतलें महत्त्वाचें पाऊल होय.

त्याच नदीच्या मुखाशीं याहूनहि बोधप्रद गोष्ट घडली. कपाशीसाठीं पाणी काढून घेतल्यामुळें अरल समुद्र आटला व त्याचे तुकडे झाले. उत्तरेकडील लहान तुकडा तरी वांचवावा म्हणून तेथील लोकांनीं १९९२ च्या सुमारास वाळूमातीचा बांध घातला. तो पुनः पुनः खचला, आणि १९९९ सालीं वाहून गेला. परंतु तेवढ्या अवधींत पाणी चढतें व मासे परत येतात हें सिद्ध झालें होतें. त्या पुराव्याच्या बळावर कझाक सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेऊन त्याच जागीं कोकाराल येथें पक्का बांध बांधला; तो २००५ सालीं पुरा झाला. पाण्याची पातळी चढली व कोळ्यांच्या जाळ्यांत पुन्हां मासे आले. स्थानिक लोकांचा कच्चा बांध, राष्ट्राची योजना आणि बाहेरचें द्रव्य, हीं तिन्ही तेथें एका रेषेंत आलीं.

आतां ह्या सर्वांवरून आपल्या खोऱ्याकरितां काय घ्यावें? आमच्या मतें तीन गोष्टी. पहिली, खोऱ्याचा हिशेब एकच असावा. २०१९ सालीं घरोघर नळानें पाणी देण्याचा जलजीवन मोहीम हा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. शेताला पाणी देण्याचे कार्यक्रम निराळे. नळ आणि पाट दोन खात्यांचे असले तरी दोहोंचें पाणी बहुशः त्याच धरणांतलें. पाऊस ओढ देईल त्या वर्षीं पिण्याचें पाणी आधीं राखून ठेवावें लागतें, आणि मग शेताचें आवर्तन कमी होतें. हें आधींच मांडून ठेवलें तर शेतकरी केळी लावावी कीं हरभरा पेरावा हें वेळेवर ठरवूं शकतो.

दुसरी गोष्ट, आराखडा साहाय्याच्या आधीं तयार असावा. गिरणेवर सात फुग्यांचे बंधारे योजण्यांत आले, व त्यांच्या जागांत भडगांवहि होतें. फुग्याचा बंधारा म्हणजे पात्रांत आडवी बसविलेली रबराची मोठी नळी. ती फुगविली कीं पाणी अडतें, पुराच्या वेळीं हवा सोडली कीं पूर व गाळ निघून जातो. युक्ति चांगली आहे. परंतु अशा कामाचा खर्च राज्य व मध्यवर्ती सरकार ह्यांनीं कसा वांटावा हें ठरण्यांतच वर्षें जातात. तितक्या काळांत कांठच्या गांवांनीं अडलेलें पाणी कोणी किती उपसावें ह्याचा करार लिहून ठेवला, तर पैसा येईल त्या दिवशीं तंटा उभा राहणार नाहीं.

तिसरी गोष्ट, वांटणी शेतकऱ्यांच्या हातीं असावी. २००५ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा व आपसांत वांटण्याचा हक्क दिला आहे. फडाची जुनी पंचमंडळी जें काम तोंडी करी, तेंच काम आतां नोंदणीनें व मोजपट्टीनें करतां येतें. शेपटाकडील शेतकऱ्याला पाणी आधीं, असा नियम संस्थेनें केला आणि पाळला, तर माथ्याकडील शेतकऱ्यालाहि कालवा सुस्थितींत ठेवण्याची गरज वाटते.

विद्यार्थ्यांनीं ह्यांत काय करावें, असें कोणी विचारील. सुटीत घरीं जातांना एक वही घेऊन जावें. आपल्या गांवची चारी कोणत्या वितरिकेवर आहे, ह्या वर्षीं आवर्तन कोणत्या तारखेला आलें व किती दिवस चाललें, शेपटाच्या शेतांत पोंचलें कीं नाहीं, चैत्रांत आपल्या विहिरीला किती हात पाणी होतें, एवढें लिहून काढावें. दोन-तीन वर्षांची अशी नोंद झाली म्हणजे ती वडील माणसांच्या हातीं द्यावी, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत ती वाचून दाखविण्यास सांगावें. कार्यक्रमांचीं नांवें बदलत राहतील. आज एक आहे, उद्यां दुसरें येईल. आराखडा करावयास आलेला अधिकारी प्रथम जें विचारतो तें ह्या वहींत लिहिलेलें असेल, आणि ज्या गांवापाशीं ती वही तयार आहे त्या गांवाला उत्तरासाठीं पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागणार नाहीं.